एकटीनं पेरलेला वाल

शेतकऱ्याच्या घरात खायला काय कमी, असं मुंबईची माणसं म्हणतात तेव्हा मला उत्तर द्यायचाही कंटाळा येतो. आमच्या घरात भात होतं. पण भाताबरोबर जे जे लागतं ते सगळं भात देऊनच आणायचं म्हटलं की कणगी किती लवकर तळाला जाते, हे ज्यानं पाहिलं नाही त्यानं बोलू नये.

माझं सासर रेवदंड्याच्या खाडीवर, मुखापासून बरंच आत. गावाच्या खालच्या अंगाला खारी जमीन, तिच्यापुढे बांध, बांधापलीकडे खाऱ्या चिखलात तिवरांची झाडी आणि खाडी. वरच्या अंगाला, टेकडीच्या पायथ्याशी गोडी जमीन. आमचं शेत वरचं. पण खालचं असो की वरचं, पीक एकच, पावसाळ्यातलं भात. ते कापलं की शेत पुढच्या पावसापर्यंत उताणं पडायचं.

आमचे हे मुंबईत एका छापखान्यात होते. दर महिन्याला मनीऑर्डर यायची, त्यातून डाळ, तेल, रॉकेल, कापड निघायचं. मंदी आली, छापखान्यानं अर्धी माणसं काढली, आणि हे ट्रंक आणि वळकटी घेऊन बोटीनं रेवदंड्याला उतरले. "दोन महिन्यांत परत बोलावतील," म्हणाले. मग ओटीवर बसून टपालवाल्याची वाट बघू लागले. टपालवाला आमच्या दारावरून जायचा, कारण पुढे विहीर होती. तो पाणी प्यायचा आणि जायचा.

मी हातावर हात ठेवून बसले नव्हते, हे आधीच सांगते. मोरीच्या पाण्यावर अळू होतं, गोठ्याच्या छपरावर पडवळ चढवलं होतं, मिरच्या होत्या. म्हैस होती. पण कोळीण सुकट घेऊन आली की तिला तांदूळ. मिठागरावरून मीठ आलं की तांदूळ. तेलाला तांदूळ. आणि सगळ्यात जास्त तांदूळ खायची ती दुकानातली डाळ. पहिल्या वर्षी श्रावणातच कणगीच्या तळाचा बांबू दिसला. नवं भात यायला कार्तिक. मधले दिवस आम्ही नाचणीवर काढले, आणि शेवटी शेवटी नाचणीही पातळ झाली. दोन लहान मुली, सासूबाई, आम्ही दोघं. पुढच्या पावसाळ्यात हे पुन्हा होऊ द्यायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

त्याच सुमारास रेवदंड्याच्या बाजारात एक सद्गृहस्थ भाषण द्यायला आले होते. पांढरे स्वच्छ कपडे, गोड आवाज. घरोघरी सूत काता, घराला लागेल ते घरातच करा, म्हणाले. बायका माना डोलावत होत्या. आमच्या किनाऱ्यावर कापूस पिकत नाही हे त्यांना कोणी सांगितलं नसावं. मी सांगणार होते, पण तेवढ्यात शेजारच्या देवळात आरती सुरू झाली.

घराला लागेल ते घरातच करायचं तर आधी डाळीचं बघायला हवं होतं. माझं माहेर रोह्याच्या बाजूला. तिकडे भात कापलं की ओल आहे तोवर एक नांगरट करून वाल टाकतात. मग त्याला पाणी नको, काही नको, दवावर वाढतो. फाल्गुनात शेंगा वाळतात. राखेत घोळून मडक्यात भरून ठेवला की सबंध पावसाळा भिजवून, मोड आणून, सोलून बिरडं. माहेरी मला बिरड्याचा कंटाळा यायचा, इतका वाल असे. सासरी वालाचा दाणा नाही. मी भरतीच्या वेळेला मचव्यात बसले आणि खाडीनं वर माहेरी गेले.

भावानं बी काढून दिलं. फडक्यात बांधताना म्हणाला, "पण तिकडे राखणार कोण?"

"राखायचं काय त्यात? वाल पळून जातो की काय?"

तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मी थट्टा करत नव्हते. माहेरी सगळेच वाल पेरत, म्हणून होळीपर्यंत सगळ्यांची गुरं गुराख्याबरोबर टेकडीवर जात. कोणाचं जनावर शेतात शिरत नसे. मला वाटायचं, गुरांचं जगात सगळीकडे असंच असतं.

ह्यांना नांगर धरायला लावला.

"लोक विचारतील, हे काय चाललंय म्हणून."

"सांगा, वाल पेरतोय."

"इथे कोण पेरतं वाल?"

"म्हणून तर इथे कोणाच्या घरी वाल नाही."

सासूबाई बांधावर येऊन उभ्या राहिल्या. "खाडीचा वारा लागला की करपून जाईल गो. माझ्या सासूनं न्हाय पेरला, तिच्या सासूनं न्हाय पेरला."

"मग आत्याबाई, भाताबरोबर त्या काय खायच्या?"

"काय न्हाय. कोरडा खायच्या."

"मला कोरडा खायचा नाही."

वाल करपला नाही. चांगला वीतभर वर आला, पहाटे पानापानावर दव. मी मुलींना घेऊन बघायला जायची. त्या वर्षात मला बरं वाटलेली तेवढीच एक गोष्ट. ती मार्गशीर्षापर्यंत टिकली.

मार्गशीर्षात गावाची मळणी संपली की आमच्याकडे गावदेवीला नारळ देत. मी त्याआधीही ते पाहिलं होतं. प्रसादाचं खोबरंही खाल्लं होतं. नारळ फुटला की घरोघरी गोठ्याची दारं उघडायची आणि गुरं मोकळी. पावसाळा तोंडावर येईपर्यंत ती कुणाच्याही शेतात चरायची. शेतं रिकामीच असायची, त्यामुळे कोणाचं काही बिघडत नसे. माझं मात्र बिघडणार होतं, हे मला त्या दिवशी दुपारी कळलं, जेव्हा शेजारच्यांचे दोन्ही बैल माझ्या वालात उभे दिसले.

हाकलले. ते दुसऱ्या बांधावरून आले. दिवसभर मी काठी घेऊन धावले, आणि संध्याकाळी तशीच पाटलांच्या घरी गेले. ओटीवर चार माणसं बसली होती. मी खांबाशी उभी राहून सांगितलं.

पाटील शांतपणे सुपारी कातरत होते. "सूनबाई, देवीला नारळ दिला. आता गुरांना काय सांगू? एवढं एक शेत सोडून खा म्हणून?"

ओटीवरचे हसले, पाटीलही.

"गुरांना नको, मालकांना सांगा. होळीपर्यंत बांधून ठेवा म्हणावं."

"आन बांधली तर घालायचं काय? पेंढा तू देतेस का सगळ्या गावाला?"

पेंढा आषाढ-श्रावणासाठी राखायचा असतो. गुरं जितके दिवस बाहेर चरतील तितकी पेंढ्याची उडवी शाबूत. मी माझ्या पावसाळ्याची बेगमी करत होते, गाव आपल्या गुरांच्या पावसाळ्याची. मला राग आला तो पाटलांच्या हसण्याचा. बोलणं त्यांचं बरोबरच होतं, आणि त्यामुळे राग आणखी वाढला.

"कुंपण घाल," पाटील म्हणाले. "कुंपणाला कुणाची ना न्हाय."

करवंदीच्या आणि बोरीच्या जाळ्या तोडून आणायच्या, बांधावर रचायच्या, काठ्यांनी दाबायच्या. एवढंसं शेत, पण त्याच्या चारी बाजू संपेनात. हे दोन दिवस आले. तिसऱ्या दिवशी ह्यांच्या हातात काटा मोडला, आणि त्याच दिवशी ह्यांना वाटलं की एकदा मुंबईला जाऊन छापखान्यात समक्ष विचारून यावं. गेले. उरलेलं कुंपण मी घातलं. आत जायला आमच्या गोठ्यासमोरच्या बांधावर एक जागा ठेवली होती; तिथे काट्यांचा एक मोठा भारा लावायचा, जाताना ओढायचा, येताना लोटायचा.

आमची म्हैस मी बांधून ठेवली. गावाला सांगायचं गुरं बांधा आणि आपली मोकळी, हे मला जमलं नसतं. त्यामुळे आमच्या उडवीला एका बाजूनं खिंडार पडायला लागलं. सासूबाई रोज सकाळी ते बघायच्या आणि म्हशीशी बोलायच्या, मला ऐकू जाईल अशा बेतानं.

"खा बाय खा. आषाढात तुझी मालकीण तुला वालाचं बिरडं घालील."

एक दिवस मी दुपारी विहिरीवर धुणं घेऊन गेले होते. परत आले तर गोठा रिकामा. धुणं तिथेच टाकून शेताकडे धावले. इतके दिवस गावची गुरं कुंपणाभोवती फिरून कंटाळून जात होती. त्यांना वाट माहीत नव्हती. आमच्या म्हशीनं मात्र मला रोज तो भारा ओढताना गोठ्यातून पाहिलं होतं. तिनं शिंगं नेमकी तिथेच घातली, भारा लोटला आणि आत गेली. तिच्या मागून बाकीची. मी पोचले तेव्हा अर्ध्याहून अधिक शेत तुडवलेलं होतं आणि म्हैस मधोमध उभी राहून फुलोऱ्यावर आलेला वाल सावकाश चावत होती.

"कोणी सोडली?" मी घरी येऊन विचारलं.

"मी सोडली," सासूबाई म्हणाल्या. "सगळ्यांची गुरं मोकळी, आपलंच मुकं जनावर काय म्हणून बांधायचं?"

"शेत बघून या एकदा. कोणी खाल्लंय ते."

"खाल्लं तर आपल्याच म्हशीनं खाल्लं ना? दूध आपल्यालाच देईल."

मी परत गेले आणि भारा जागेवर लावला. या वेळी वरून दोरी बांधली.

उरलेल्या वालाला शेंगा धरल्या. आता गावाला वाल दिसू लागला. शेजारीण, बैल जिचे होते तीच, बांधावर येऊन म्हणाली, "वयनी, मूठभर शेंगा दे गो कालवणाला."

"नाही."

"एवढी मूठभर?"

"एकही नाही. वाळू दे."

गावात माझी कंजूष म्हणून ख्याती झाली. हे मुंबईहून परत आले, नोकरी न मिळवता. शेंगा बघून मात्र खुलले. चार मित्र बोलावून शेतात पोपटी लावू या म्हणाले; मडक्यात शेंगा भरायच्या, वर आग पेटवायची, गप्पा मारायच्या. मी म्हटलं, माझ्या शेंगा सोडून मडक्यात काय घालायचं ते घाला. ते काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला वेळही नव्हता.

झोडपून, पाखडून जो वाल हाती आला तो मी पायलीनं मापला. पावसाळ्यात जपून शिजवला तरी आषाढ निघाला नसता. आणि खाऊन टाकला तर पुढच्या वर्षी पुन्हा भावाकडे बी मागायला जायचं, पुन्हा एकटीनं कुंपण घालायचं, पुन्हा उडवी खपवायची. एकटीचा वाल या गावात तगणार नाही, हे मला आता पुरतं कळलं होतं. माझ्या शेताला लागून ज्यांची शेतं होती त्यांनीही पेरला तर जनावरांचे मालक आणि वालाचे मालक एकच होणार होते. मग कोण सोडतो गुरं ते बघते, म्हटलं.

म्हणून आमच्यापुरतं बी ठेवून उरलेला सगळा वाल मी पाच घरांत वाटला. मापानं. प्रत्येकीला बजावलं, "हा कार्तिकात पेरायचा. शिजवायचा नाही."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "शेंग न्हाय दिली कुनाला, आन आता दाणा दारोदार वाटतेस?"

त्या पावसाळ्यात बिरडं झालं नाही. अळू, टाकळा, सुकट आणि तांदळाची पेज. भात पुन्हा लवकर संपलं, पुन्हा नाचणी. धाकटी मुलगी ताटाकडे बघून रोज विचारायची, आज काय, आणि मी रोज सांगायची, कालचंच. मडक्यात बी होतं. ते मी तिला दाखवलं नाही.

गणपतीच्या सुमारास शेजारीण आली आणि दारातच उभी राहिली. तिच्या उभं राहण्यावरूनच मी ओळखलं.

"शिजवलास."

"पाऊस थांबेना गो. घरात काय न्हवतं. भिजत घातला."

"सगळा?"

"अर्धा ठेवला व्हता. मग म्हटलं, एवढ्याशानं शेत तरी काय भरायचं. तो पन घातला."

"कसा झाला?"

"बेस झाला," ती खाली बघून म्हणाली.

आणखी एका घरात असंच झालं होतं. तिथे तर पाहुण्यांना वाढला होता. पण तीन घरांनी राखला. कार्तिकात तिघांनी आणि आम्ही पेरला. या वेळी पाटलांकडे मी गेले नाही, बाप्यांना पाठवलं. जायची गरजही नव्हती म्हणा, कारण त्या तीन घरांतलं एक पाटलांच्या सख्ख्या भावाचं होतं. मी एकटी गेले होते तेव्हा देवीचा नारळ आडवा आला होता. भावजयीनं वाल पेरल्यावर देवीची काही हरकत उरली नाही. नारळ ठरल्या वेळी द्यायचा, पण होळीपर्यंत गावची गुरं टेकडीवर राखायची, असं ठरलं. राखणार कोण? ज्यांनी वाल पेरला त्यांनी, पाळीपाळीनं.

आमची पहिली पाळी आली तशी ह्यांनी वर्तमानपत्र उघडलं. जुनं होतं. "छापखान्यातला माणूस गुरं राखायला गेला तर लोक काय म्हणतील?"

"मी गेले तर काय म्हणतील?"

"तुला काय, तू काहीही करतेस हे लोकांना माहीत आहे."

मी गेले. दिवसभर टेकडीवर उन्हात, सगळ्या गावची गुरं. बैल बरे; रेड्यांना अक्कल नसते. तिसऱ्या पाळीला मला ताप होता म्हणून हे गेले आणि दोन जनावरं कमी घेऊन परत आले. त्यातलं एक पाटलांचं. अंधार पडेपर्यंत शोधलं तेव्हा दोन्ही नाल्यात सापडली. त्यानंतर ह्यांना पाळी द्यायची नाही असं गावानंच ठरवलं. मला वाटतं ह्यांना तेच हवं होतं.

वाल मात्र झाला. भरभरून झाला. दोन मोठी मडकी राखेत घोळून भरली, तोंडं शेणमातीनं लिंपली. मी मापून बघितलं: बिरडं आठवड्यातून चार वेळा केलं तरी नवरात्रापर्यंत पुरलं असतं. दुकानच्या डाळीला जाणारं भात कणगीतच राहिलं. ज्यासाठी दोन वर्षं काटे वेचले ते घरात आलं होतं.

आणि वैशाखात पेंढा संपला.

टेकडीवरचं गवत माघातच वाळून उडून गेलं होतं. गुरांची पोटं भरत नव्हती, म्हणून संध्याकाळी घरोघरी पेंढा घालावा लागला. ज्या उडव्या आषाढात उघडायच्या त्या शिमग्यातच उघडल्या. आमची उडवी तर आधीच्या वर्षीपासून आजारीच होती. गावात म्हणू लागले, वयनीच्या वालानं पेंढा खाल्ला. पाटलांच्या भावजयीनं तेवढाच वाल पेरला होता, पण तिच्या वालानं काही खाल्लं नव्हतं. सासूबाई आता म्हशीशी बोलत नव्हत्या, गोठ्यात नुसत्या उभ्या राहायच्या. ते जास्त वाईट.

उपाय एकच होता. तिवराचा पाला म्हैस खाते. खारट असतो म्हणून आवडीनं खाते. पण तो आणायचा म्हणजे ओहोटीला बांधावरून खाली उतरायचं, मांड्यांपर्यंत चिखलात जायचं, फांद्या तोडायच्या आणि भरती वर यायच्या आत भारा डोक्यावर घेऊन परत. ज्येष्ठातल्या उन्हात मी ते रोज करू लागले. हातपाय शिंपल्यांनी कापायचे, खारं पाणी त्यात जायचं. घरी येऊन बिरडं सोलायला बसलं की बोटं झोंबायची.

एक दिवस मी अशीच खाली होते तेव्हा बांधावर शेजारीण येऊन बसली. तिचे बैल मी सकाळीच पाहिले होते; फासळ्या मोजता आल्या असत्या.

"वयनी!"

"काय गं?"

"यंदा माला बी देशील का? आवंदा न्हाय शिजवायची. देवाशपथ."

मी फांदी तोडत राहिले. ती बसूनच होती. उत्तर घेतल्याशिवाय ही उठणार नाही, हे मला माहीत होतं.

"बैलांना काय घालतेस?" मी विचारलं.

"काय घालू? उडवी सपली."

"मग आधी विळा घेऊन ये आणि खाली उतर. बियाचं नंतर बोलू."

ती उठून घरी गेली. मला वाटलं आता येत नाही. पण आली. लुगडं वर खोचून, चिखलाला आणि मला शिव्या देत उतरली, दुसऱ्याच पावलाला गुडघ्यापर्यंत रुतली आणि तिथेच थांबली.

"तिथे उभी राहू नकोस, आणखी खाली जाशील," मी म्हटलं. "मुळांवर पाय ठेव. कोवळ्या फांद्या वर आहेत, वाकव त्या."

तिनं एक फांदी वाकवली. पाणी भरतीकडे फिरायला लागलं होतं. मी माझा भारा बांधून बाजूला ठेवला आणि तिच्यासाठी तोडायला लागले, कारण तिच्या वेगानं दोन बैलांचं काही झालं नसतं.